वाफ सोडा

माझ्या धंद्याला आमच्या धाराशिवात अजून धड नाव नाही. कॉम्प्युटरचं काम करतो म्हणालो, तर शेजारी पोरांचे फॉर्म भरायला घेऊन येतात. लाइटीचं काम म्हणालो, तर सासुरवाडीला पोचेपर्यंत दोन पंखे उतरवून माझी वाट बघत ठेवलेले असतात. शेवटी गिऱ्हाइकांनीच नाव पाडलं, पॅनेलवाले. ते मी आता स्वतःच फोनवर सांगतो. 'कोण बोलतंय?' 'पॅनेलवाले.' झालं, ओळख पटली.

कारखान्यात एक लोखंडी कपाट असतं. त्यात बिस्किटाच्या पुड्याएवढा डबा बसवलेला असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. एका बाजूनं त्याच्यात खबरी येतात. टाकी भरली, झाकण लागलं, दूध इतकं तापलं. दुसऱ्या बाजूनं त्याचे हुकूम जातात. ही मोटार लाव, ती झडप उघड. खबर आणि हुकूम यांच्यामधले नियम मी लिहितो. अमुक झालं तर तमुक कर, तमुक झालं नाही तर थांब आणि बोंबल. एवढंच. त्या डब्याला स्वतःची अक्कल नसते. माझीच अक्कल त्याच्यात भरून ठेवलेली असते, आणि अर्थात माझा मूर्खपणाही. तीस वर्षं हेच करतोय.

हे नियम लिहिताना प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. टाकी भरली की नाही, हे लक्षात ठेवायला एक नाव, मोटार चालू की बंद याला दुसरं. या नावांच्या दोन जाती. एक घरगुती. प्रोग्रामच्या एका तुकड्यानं ती आपल्यापुरती वापरायची, बाहेर कुणाला दिसत नाहीत. दुसरी जात ग्लोबल. ती आधी एका सामायिक यादीत जाहीर करायची, मग प्रोग्रामचा कुठलाही तुकडा ती वाचू शकतो आणि कुठलाही तुकडा बदलूही शकतो. चावडीवरच्या फळ्यावर लिहिल्यासारखं. कुणीही यावं, वाचावं, पुसावं, आपलं लिहून जावं. कुणी लिहिलं, कुणी पुसलं, फळा काही सांगत नाही. शहाणी माणसं फळ्यावर कमीत कमी लिहितात. मी शहाणा नव्हतो. मला फळा फार आवडायचा, कारण काम पटकन उरकायचं.

या ग्लोबलची पहिली गंमत बेंबळीच्या बाजूच्या एका डाळमिलमध्ये झाली. तिथले मालक अण्णा लई देवभोळे. म्हणाले, "साहेब, मी सकाळी गादीवर येऊन उदबत्ती लावल्याशिवाय एकबी मशीन फिरता कामा नये. कामगार माझं ऐकत न्हाईत, तुमच्या डब्यानं ऐकावं." मी म्हटलं, त्यात काय! त्यांच्या टेबलाखाली एक बटण बसवलं आणि ग्लोबल यादीत UDBATTI असं नाव जाहीर केलं. पट्टा, चाळणी, पॉलिश, सगळ्यांच्या नियमात घातलं की UDBATTI असेल तरच फिरायचं. अण्णा भारी खूश. चार महिन्यांनी फोन आला, मिल दोन दिवस बंद आहे, वायरमननं सगळ्या मोटारी खोलून बघितल्या, दोष सापडत नाही. मी गेलो, तर अण्णा मुलीच्या बाळंतपणासाठी लातूरला गेलेले. मी टेबलाखाली हात घालून बटण दाबलं आणि सगळी मिल घडघडायला लागली. वायरमन मला म्हणाला, "ह्ये आधी सांगाया काय तोंडाला पट्टी बांधली हुती का?" बरोबरच होतं त्याचं.

हा किस्सा मी शंभरदा सांगितला असेल. लोक हसतात, मीही हसतो. यातली माझी खरी ऐट वेगळी होती. माझी नावं मराठी असत. पुण्याकडचे इंजिनियर इंग्रजीत नावं देतात, मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. TAKI_BHARLI. PATTA_CHALU. DAL_ADAKLI. म्हटलं, उद्या मी नसलो तर गावातल्या पोरालाही वाचता आलं पाहिजे. पुण्याच्या एका साहेबानं ते बघून नाक मुरडलं होतं. मी त्याला तिथल्या तिथं सुनावलं की साहेब, मशीन मराठी माणूस चालवतो, तर मशीनलाही मराठी येऊ द्या. टाळ्या पडल्या हो चार लोकांत! त्या टाळ्या मला फार दिवस पुरल्या.

आता जे सांगायचं आहे ते किस्सा म्हणून कधी सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी ईटच्या बाजूला एका खव्याच्या कारखान्याचं काम मी केलं. त्या भागात खवा पिढ्यान् पिढ्या लाकडाच्या भट्टीवर आटवतात. या कारखान्यात भट्टीऐवजी वाफ होती. तीन मोठ्या दुहेरी कढया. बाहेरच्या आणि आतल्या भांड्याच्या मधे पोकळी, त्या पोकळीत बॉयलरची वाफ सोडायची, म्हणजे आतलं दूध आटतं. वाफ आत घ्यायला एक झडप, ती माझ्या डब्याच्या हुकमानं उघडायची. त्या झडपेच्या अलीकडं, पाइपावर एक हाताचा कॉक. तो माणसानं फिरवायचा. कढईत कुणी हात घालणार असेल, तर आधी तो कॉक बंद करायचा, हा तिथला नियम. डबा चुकला तरी कॉक चुकत नाही.

पॅनेलवर माणूस होता अंकुशमामा. वय पन्नाशीचं, जन्म भट्टीपुढं गेलेला. दुधाचा नुसता वास घेऊन सांगायचा की आता अर्धा तास लागेल. बटणांना आधी घाबरायचा. पहिल्या आठवड्यात बटण दाबायच्या आधी बोट धोतराला पुसायचा. मी म्हणायचो, "मामा, देवाला हात लावताय का?" तो म्हणायचा, "सायेब, देव तरी माफ करतो, ह्यो डबा करंल का?" त्याची बायको सोजरबाई तिथंच कढया धुवायच्या कामाला होती. तोंडानं फटकळ, हाताला चलाख. माझ्यासाठी घरून भाकरी आणि ठेचा आणायची आणि वर ऐकवायची, "खावा, नुसतं डब्यात डोकं घालून पोट भरत न्हाय."

पहिल्या प्रोग्रामात मी ग्लोबल यादीत एक नाव जाहीर केलं होतं, VAF_SODA. अर्थ असा, की कढईच्या पोकळीत वाफ सोडा. ते नाव खरं झालं की आतली झडप उघडायची. वर्षभर काम सुरळीत चाललं. मग तिथले मॅनेजर म्हणाले, नवरात्र तोंडावर आलंय, तुळजापूरला पेढ्याची मागणी वाढते, धुलाईत फार वेळ जातो, काहीतरी करा. मी पोकळीला बाहेरच्या बाजूनं दुसरी झडप बसवायला सांगितलं. पोकळीतली उरलेली वाफ त्या झडपेनं बाहेर सोडून द्यायची, म्हणजे कढई लवकर निवेल. पॅनेलवर नवीन बटण, नवीन पाटी. पाटीवर मी लिहिलं, 'वाफ सोडा'. धुलाईचा वेगळा प्रोग्राम लिहायला बसलो. नाव काय द्यावं? वाफ सोडायची आहे, तर VAF_SODA.

इथं जरा थांबून सोडणे या शब्दाकडं बघा. आपण पाटाचं पाणी वावरात सोडतो आणि टाकीतलं नासलेलं पाणीही सोडतो. एकदा आत, एकदा बाहेर. बैल गाडीचा सोडतो आणि वळू कळपात सोडतो. दोन्हीला शब्द एकच, आणि कुणाचा कधी घोटाळा होत नाही, कारण बोलणारा माणूस समोर उभा असतो. डब्यासमोर कुणी उभं नसतं. पुण्याच्या त्या साहेबानं इंग्रजीत नाव दिलं असतं, तर आत आणि बाहेर याला त्याला दोन शब्द घ्यावेच लागले असते.

मी यादीत नाव टाकलं तर कॉम्प्युटरनं लाल रेघ मारली. हे नाव आधीच जाहीर झालेलं आहे. या रेघेचा अर्थ शिकाऊ पोरालाही कळतो. हे नाव कुणीतरी कशासाठी तरी वापरतंय, बघून ये. ते बघायला दोन मिनिटं लागली असती. मला दुपारी लातूरला भाच्याच्या साखरपुड्याला पोचायचं होतं. मी मनात म्हटलं, आधीच आहे होय? बरं झालं, पुन्हा जाहीर करायचा त्रास वाचला. आणि तेच नाव वापरून पुढं गेलो. नियम असा झाला, धुलाई चालू असेल आणि VAF_SODA खरं असेल तर बाहेरची झडप उघड. जुना नियम होताच, VAF_SODA खरं असेल तर आतली झडप उघड. म्हणजे धुलाईत बटण दाबलं की दोन्ही झडपा एकदम उघडणार. बाहेरून थोडी फुसफुस, आणि आतल्या झडपेनं बॉयलरची सगळी वाफ कढईच्या पोकळीत.

रविवार होता, बॉयलर थंड. मी बटण दाबून बघितलं. खट् असा आवाज आला, बाहेरची झडप उघडली. आतलीही त्याच क्षणी उघडली असणार, पण दोघी शेजारी शेजारी, आवाज एकच. मी लॅपटॉप मिटला. अंकुशमामा शेजारी उभा होता. त्यानं विचारलं, "सायेब, धुताना कॉक बंद करायचा का न्हाय आता?"

आणि मी म्हणालो, "मामा, कॉक-बिक आता विसरा. बटण दाबा, झालं."

हे वाक्य मी बोललो. ऐटीत बोललो. गाडीची किल्ली बोटावर फिरवत बोललो.

सोमवारी सकाळी कारखाना सुरू झाला. बॉयलर पेटला, वाफ धरली. दूध ओतायच्या आधी कढया धुवायच्या असतात. सोजरबाई पहिल्या कढईत वाकली. कढई खोल, तळ घासायचा तर पोट काठावर टेकून, पाय उचलून, दोन्ही तळवे तळाला टेकवावे लागतात. अंकुशमामानं मी सांगितलं होतं तसंच केलं. कॉक उघडा ठेवला आणि 'वाफ सोडा' दाबलं. बाहेर फुसफुस झाली. त्याला वाटलं, बरोबर चाललंय. काही क्षणांत तळ तापला. तिला अंग मागं घ्यायला टेकायला हातच हवे होते, आणि हात तर तळावर होते. ती ओरडली तेव्हा त्यानं धावत जाऊन तिला कमरेला धरून मागं ओढलं.

मला फोन आला. मी दोन तासांत पोचलो. तोवर तिला भूमला नेलं होतं, तिथून सोलापूरला. मी पॅनेलपाशी बसलो, लॅपटॉप जोडला. दहा मिनिटंही लागली नाहीत. दोन नियम, एक नाव. मला अजून आठवतं, ते दिसल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात सोजरबाई आली नाही. पहिल्यांदा मनात आलं, हे कुणी बघितलं तर? थू आपल्या जिंदगानीवर! पण खरं तेच आहे. मी यादीत नवीन नाव जाहीर केलं, VAF_BAHER, धुलाईच्या नियमात ते घातलं, डब्यात भरलं, लॅपटॉप मिटला.

ऑफिसात मॅनेजर कागद घेऊन बसले होते. अंकुशमामा कोपऱ्यात उभा. अंगरख्याला राख लागलेली, डोळे कुठंच नाहीत. मॅनेजरनी विचारलं, "साहेब, प्रोग्रामात काही दोष?"

मी म्हणालो, "प्रोग्राम ठीक आहे. हाताचा कॉक उघडा होता."

वकिलानं उभं राहून तपासावं, दोन्ही वाक्यं खरी. प्रोग्राम ठीकच होता, पंधरा मिनिटांपासून. कॉक उघडाच होता. खोटं बोलायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी खऱ्याचा असा वापर केला. खोटं बोललो असतो तर निदान स्वतःला खोटारडा म्हणता आलं असतं. मॅनेजरनी अंकुशमामाला विचारलं, "कॉक का बंद केला नाहीस?" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं. मला वाटलं आता तो बोलणार, सायेबच म्हणाले विसरा म्हणून. तो म्हणाला, "चुकलं माझं."

कागदावर लिहिलं गेलं, पॅनेलवरच्या माणसानं कॉक बंद न केल्यामुळे अपघात झाला. तांत्रिक तपासणी करणारा म्हणून खाली मी सही केली. माझी सही तशी वळणदार आहे.

सोजरबाईचे हात दवाखान्यानं वाचवले, पण उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत आणि तळव्याची कातडी आखडली. अंकुशमामा पॅनेलवर परत आला नाही. त्याला कुणी काढलं नव्हतं. त्यानंच सांगितलं, बटणाला हात लावणार न्हाय. मी सोलापूरला तिला बघायला गेलो नाही. आधी म्हटलं गर्दी असेल, मग म्हटलं आता उशीर झाला, मग म्हटलं आता गेलो तर संशय येईल. ईटकडची नवीन कामं दुसऱ्याकडं ढकलायला लागलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, त्या बाजूचे रस्ते फार खराब आहेत.

गेल्या उन्हाळ्यात त्याच कारखान्याचा डबा जुना झाला म्हणून बदलायला बोलावलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. गेलो. पॅनेलवर नवीन माणूस होता, धुलाईवर नवीन बाई. ती कढईत वाकणार तेवढ्यात हा तिला ओरडला, "थांब गं, कॉक बघू दे, न्हायतर अंकुश होईल."

मी विचारलं, "काय होईल?"

"अंकुश हो. कुणी बेपर्वाई केली की इथं तसंच म्हणत्यात. पूर्वी इथं एक बाबा हुता म्हणं, बायकोचेच हात भाजले त्यानं."

तो हसत होता. त्याला अंकुश हा कुणी जिवंत माणूस आहे आणि तीन मैलांवर राहतो, हे ठाऊकही नसावं. माणसाचं नाव सगळ्यांनी वापरायचा शब्द झालं होतं. ते तसं जाहीर मी केलं होतं. मला तिथं उभं राहवेना. मी आधी मॅनेजरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, झालं गेलं. आता कशाला उकरून काढता? तुम्हालाही त्रास, आम्हालाही." मी म्हटलं, "त्रास कुणाला झाला ते तुम्हाला माहीत आहे का?" आवाज चढला माझा. सहा वर्षांनी चढला, आणि तोही दुसऱ्यावर.

अंकुशमामाची वस्ती ईटच्या बाहेर शेतात. दोन म्हशी, पत्र्याखाली लाकडाची भट्टी, त्यावर घरचाच खवा. मी गेलो तेव्हा तो चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. मला बघून गडबडला, पिठाचे हात मागं घेतले. "या सायेब, या! किती वर्सांनी!" घोंगडी अंथरली, पाणी आणलं. सोजरबाई ओट्यावर शेंगा फोडत होती, डाव्या हातानं. तिनं हसून म्हटलं, "बगा, आमच्या घरात आता बापय भाकरी करतो. समदं गाव हसतंय. भाकरी मातर माज्यापरीस गोल करतोय." मी त्या हाताकडं बघितलं नाही म्हणालो तर खोटं होईल. बघितलं.

मी बसल्या बसल्या सांगायला सुरुवात केली. एकच नाव दोन कामांना वापरलं, ते कसं वापरलं, लाल रेघ कशी आली, लॅपटॉपवर काय बदललं, सही कशी केली. फळ्याचं उदाहरण देऊन सांगितलं. कॉक विसरा असं मीच म्हणालो होतो, तेही सांगितलं.

अंकुशमामा शांतपणे ऐकत होता. मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हाताचं पीठ माझ्या पँटीला लागलं. म्हणाला, "सायेब, तुमी लई भला मानूस. एवढ्या उन्हाचं माझं मन राखायला आलासा. पर माझी चूक मला ठावं हाय. कॉक विसरा आसं तुमी कशाला म्हणाल? शिकलेला मानूस आसं म्हणंल का? माज्याच कानाचा घोळ झाला आसंल."

"मामा, मी म्हणालो होतो. मी तिथंच उभा होतो."

"आसू द्या, आसू द्या. तुमी आलात, लई बरं वाटलं." त्यानं डोळे पुसले. "जेवूनच जा."

मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर डोकं खाली घालून ऐकल्या असत्या, मनाची तयारी करूनच आलो होतो. माझं खरं त्याला खरं वाटेना. सहा वर्षं त्यानं स्वतःला इतकं पटवलं होतं की आता त्यात माझ्या चुकीला जागाच उरली नव्हती. वर मी भला माणूस! ते ऐकताना जी लाज वाटली, तशी सही करतानाही वाटली नव्हती.

सोजरबाईच्या हातातल्या शेंगा थांबल्या होत्या. तिनं विचारलं, "सायेब, त्या दिवशी यानं बटण कुठलं दाबलं?"

"वाफ सोडा."

"तेच दाबायचं हुतं का?"

"तेच."

"आन् ते दाबलं तर वाफ भाईर जायाची. ती आत कशानं गेली?"

"माझ्या चुकीनं. मी लिहिलेल्या नियमानं."

"कॉक?"

"मीच म्हणालो विसरा."

वकिलाला जमलं नसतं ते तिनं चार प्रश्नांत उरकलं. मग ती नवऱ्याकडं वळली. "ऐकलंस का? तू न्हाय. तू न्हायस रे." तो नुसता हसला, कढईवरचा फेस बाजूला करावा तसा हात हलवला आणि भाकरी उलटायला चुलीकडं गेला.

ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता.

"सहा वर्सं ह्यो मानूस माज्यापुढं मान वर करून बोलला न्हाय. म्या म्हणायची, आवं, म्या माफ केलंय तुमाला, आता सोडा. दर सणाला म्हणायची, माफ केलंय. लोकांस्नीबी सांगायची, म्या मोठ्या मनानं माफ केलंय. सायेब, कशाची वो माफी? त्यानं केलंच नव्हतं. तुमी मला बिनगुन्ह्याच्या नवऱ्याला माफ कराय लावलं."

माझ्या हातून तिचे हात भाजले, हे मला माहीत होतं. हे दुसरं मला माहीत नव्हतं.

"मला माफी मागू नगा," ती म्हणाली. "मागाल तर मला द्यावी लागंल, आन् माजी आता देऊन सपलीया. तवा तुमी कागदावर लिवलं हुतं न्हवं? मग ह्येबी लिवा. तोंडी सांगितलेलं ह्याला पटत न्हाय. छापलेलं मातर देवाच्या पोथीसारखं मानतोय. समदं लिवा, कुणी वाचून दावलं तर आमास्नी बी कळंल आसं लिवा. त्याचं नाव घाला. लोकांच्या तोंडात हायच ते."

चुलीवरून हाक आली, "सोजर, सायबांचं ताट घे."

ती म्हणाली, "सायेब जेवणार न्हाईत. त्यास्नी काम हाय."

मी उठलो आणि आलो. दिवाळी अंकाकरता धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं संपादकांचं पत्र घरी आलेलं होतं. त्यांना हवा होता त्याहून हा वेगळाच मजकूर झाला, पण त्यांनी एक अक्षर न कापता छापायचं कबूल केलं आहे.

तर, ईटच्या त्या कारखान्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्यांसाठी. अंकुशमामांनी कॉक उघडा ठेवला, कारण मी त्यांना तसं सांगितलं होतं. त्यांनी जे बटण दाबलं, ते बरोबर होतं. त्यावर 'वाफ सोडा' असं लिहिलेलं होतं आणि ते माझ्या हातचं होतं. वाफ आत गेली ती माझ्या नियमानं गेली. त्या दिवशीच्या कागदावर जे लिहिलं आहे ते खोटं आहे आणि त्याखालची सही माझी आहे. मामा, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवत असेल. चूक तुमची नव्हती.